एका शब्दाची चरित्रकथा : 'बाई'

स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली तेव्हा बहुतेकींना वाटले असेल की मी अचलपूरच्या किल्ल्यावर किंवा बाळापूरच्या छत्रीवर लिहीन. त्यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. मी आज ज्याचा इतिहास सांगणार आहे ती गोष्ट आपणा सर्वांच्या घरी आहे, दिवसातून पन्नास वेळा आपण ती वापरतो, आणि तिच्याकडे वळून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ती वस्तू म्हणजे 'बाई' हा शब्द.

एका दिवसाचाच हिशेब घ्या ना. सकाळी दाराशी कोणी आले की घरातले पोर ओरडते, "भांड्याची बाई आली." दहा वाजता तेच पोर शाळेत जाऊन हात वर करते आणि म्हणते, "बाई, मी सांगू?" दुपारी शेजारीण आपल्या सासूची हकिकत सांगता सांगता गालाला हात लावते, "अगं बाई!" संध्याकाळी देवळात अंबाबाईची आरती होते. रात्री पुरुष मंडळी ओट्यावर गावातल्या एखाद्या बिघडलेल्या माणसाविषयी बोलतात, "बाईच्या नादी लागला आणि वावर घालवून बसला." मोलकरीण, गुरू, उद्गार, देवता आणि पुरुषाचा सर्वनाश, एवढी पाच कामे दोन अक्षरांच्या एकाच शब्दाने एका दिवसात उरकली. असा दुसरा शब्द मराठीत असेल तर मला तो आठवत नाही.

बरे, पुरुषांसाठी याच्या तोडीचा शब्द शोधू गेले तर सापडत नाही. 'राव' आहे, 'पंत' आहे, 'जी' आहे. पण कोणी घरात पाणी भरणाऱ्या गड्याला नुसते 'राव आला' असे म्हणत नाही, आणि 'पंताच्या नादी लागली' म्हणूनही कोणा स्त्रीचे नाव निघत नाही.

हा शब्द आला कोठून? यशवंतराव दाते, चिंतामण गणेश कर्वे प्रभृतींनी १९३२ पासून जो 'महाराष्ट्र शब्दकोश' सिद्ध केला त्यात या शब्दाला अनेक अर्थ दिलेले आहेत. परंतु माझ्या मते शब्दाची पाळेमुळे पाहायची तर कोशापेक्षा शेजारी पाहावे. गुजरातेत 'बा' म्हणजे आई, आणि स्त्रियांच्या नावांमागे 'बाई', 'बेन' आणि 'बा' हे तिन्ही लागतात. राजस्थानात लेकीला, बहिणीला 'बाई' म्हणतात, आणि मानाने हाक मारायची तर 'बाईसा'. मीराबाईचे 'बाई' हे त्या प्रांतातले आहे; आपण मात्र ते मराठी कानांनी ऐकतो. म्हणजे पश्चिमेच्या या साऱ्या पट्ट्यात शब्द एकच, आणि त्यात आई, बहीण, लेक आणि मालकीण या चौघी एकत्र नांदत आलेल्या. आपल्या वऱ्हाडातही जुन्या बायका पोटच्या पोरीला "बाई माही" म्हणून जवळ घेतात. तिथे 'बाई' म्हणजे लेक. शहरात राहणाऱ्या आपल्या सुनांना हे सांगितले तर त्यांना नवल वाटते.

राजस्थानच्या 'बाईसा'चा उल्लेख मी मुद्दाम केला. कारण आता आपल्याला रिद्धपूरला जायचे आहे.

मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर आपल्यापैकी अनेकींनी पाहिले असेल. महानुभावांचे ते काशीक्षेत्र. गोविंदप्रभू तेथे राहिले, त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी, आणि स्वामींच्या मागे म्हाइंभट्टांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्या तोंडून आठवणी गोळा करून १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते तेथेच. मराठीतला हा आद्य गद्य ग्रंथ आपल्या जिल्ह्यातला आहे, हे आपण पाहुण्यांना सांगतो. पण त्यातल्या बायकांची नावे किती जणींना ठाऊक आहेत? बाइसा, महदाइसा, आऊसा, उमाइसा, देमाइसा, एल्हाइसा. पाहा, नावामागे 'आई' आणि तिच्यामागे आदराचा 'सा'. ही संस्कृत राण्यांची नावे नव्हेत. गावोगावच्या, बहुतेक विधवा, घरदार सोडून स्वामींच्या मागे निघालेल्या बायकांची ही नावे आहेत.

त्यातली बाइसा फार महत्त्वाची. तिचे नाव नागूबाई, ती पैठणची. स्वामींच्या जेवणाखाणाची, उठण्याबसण्याची सारी व्यवस्था तिच्या हाती होती. कोणाला भेटू द्यायचे, कोणाला बाहेर थांबवायचे, याबाबतीत तिचा शब्द चाले. पण ग्रंथात तिला 'नागूबाई' असे क्वचितच म्हटले आहे. ती 'बाइसा'. म्हणजे 'बाई' हेच तिचे नाव होऊन बसले! आणि त्या ग्रंथाची भाषा अशी की आदर दाखवायचा झाला की स्त्रीचे नाव नपुंसकलिंगी होते, 'बाइसें' बोलली नाहीत तर 'बोलिलीं'. पोथीच्या भाषेची सवय नसलेल्याला प्रथम हे चमत्कारिक वाटते. मला मात्र वाटते की जिने कोणाची बायको, कोणाची सून ही सर्व नाती मागे टाकली, तिच्यासाठी भाषेने वेगळी जागा करून दिली होती.

महदाइसा म्हणजेच महदंबा. नागदेवाचार्यांची चुलत बहीण, आणि आपण जिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतो ती. रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला तेव्हा तिने 'धवळे' गाइले, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. रुक्मिणी तर आपल्या कौंडिण्यपूरची. माहेरच्या लेकीचे लग्न माहेरच्याच भाषेत गाइले गेले, असे म्हणायला हरकत नाही. ही महदाइसा स्वामींना सारखे प्रश्न विचारी, हे असे का आणि ते तसे का. स्वामी कौतुकाने म्हणत की ही म्हातारी चिकित्सक आहे, काही ना काही विचारीतच असते. बायकांच्या विटाळाविषयीही त्या मेळ्यात उघड बोलणे झालेले आहे, आणि नाकाला शेंबूड येतो त्याहून त्यात अधिक अपवित्र काही नाही अशा अर्थाचे उत्तर स्वामींनी दिलेले आहे. सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी!

आणखी एक गोष्ट सांगून रिद्धपूर सोडते. लीळाचरित्राची मूळ पोथी पुढे धामधुमीत नाहीशी झाली. ज्यांच्या तोंडपाठावरून ती पुन्हा जुळवली गेली त्यांत हिराइसा ही एक स्त्री होती. तिच्या नावाचा पाठ अभ्यासक आजही ओळखतात. मराठी गद्याचा पहिला ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो काही अंशी एका बाईच्या स्मरणशक्तीवर. २०२४ साली रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा भाषणे झाली. हिराइसेचे नाव त्यात असावे, अशी माझी आपली इच्छा.

वर 'म्हातारी' हा शब्द आला. त्याचे मूळ 'महत्तरा', म्हणजे अधिक मोठी, अधिक थोर. आज कोणा पन्नाशीच्या बाईला म्हातारी म्हणून पाहा! वऱ्हाडात तर घरची आई काय आणि बायको काय, "माही बुढी" झाली की संपले. त्याहून वाईट गत एका शब्दाची झाली, जो लिहिताना संकोच वाटतो पण इतिहास सांगायचा तर लिहिलाच पाहिजे. 'रांड' याचा मूळ अर्थ विधवा, इतकेच. जिचा नवरा मेला तिचे ते नुसते वर्णन होते, आणि त्याची शिवी झाली. शिवी देणाऱ्याने काही नवे रचले नाही. विधवेविषयी समाजाच्या मनात जे होते ते शब्दात जाऊन बसले.

हे आपल्याकडेच होते असे मात्र समजू नये. ज्या इंग्रजीला आपण सुधारलेली भाषा समजतो तिच्यात 'हाऊसवाइफ' म्हणजे घर चालवणारी गृहिणी. तोच शब्द घाईने बोलता बोलता 'हसी' झाला आणि त्याचा अर्थ झाला निर्लज्ज बाई. 'मिस्ट्रेस' ही मूळची 'मास्टर'ची जोडीदार, घराची मालकीण. आज मिस्ट्रेस म्हटले की ठेवलेली बाई. 'गव्हर्नर' प्रांतावर राज्य करतो, आणि त्याच शब्दाची स्त्री 'गव्हर्नेस' दुसऱ्याच्या घरी पोरे सांभाळते. 'मॅडम'ची कथा तर पुढे सांगायचीच आहे. पुरुषाचा शब्द जागच्या जागी राहतो आणि स्त्रीचा शब्द उतरंडीवरून खाली येतो, हे जगात बहुतेक ठिकाणी दिसते.

आपल्या 'बाई'चे मात्र तसे सरळ खाली येणे झाले नाही. ती एकाच वेळी जिन्याच्या वरच्या पायरीवर आहे आणि तळाशीही आहे.

वरच्या पायरीवरच्या बाया आपल्याला पाठ आहेत. सिंदखेडराजाची लेक जिजाबाई, माळव्याचा कारभार १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वराहून चालवणारी अहिल्याबाई, झाशीची लक्ष्मीबाई, आणि आपल्या जवळच्या नागपूरच्या भोसल्यांची बाकाबाई, जिचा शब्द दरबारात कित्येक वर्षे चालला व जी १८५८ साली वारली. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. झाशीची राणी माहेरी मनकर्णिका होती. लग्न झाले आणि लक्ष्मीबाई झाली. आपल्या आज्या-पणज्यांचेही तेच. माहेरी गंगी, येसू, सखू. सासरी गंगाबाई, यशोदाबाई, सखुबाई. 'बाई' नावामागे लागायची ती मंगळसूत्राबरोबर. आणि सगळ्यांनाच लागायची असेही नाही. माझ्या लहानपणी खेड्यात वाड्यातल्या सात वर्षांच्या मुलीला गडीमाणसे 'बाई' म्हणत, आणि त्याच वाड्यात गोवऱ्या थापणाऱ्या साठ वर्षांच्या स्त्रीला ती मुलगी नुसत्या नावाने, तेही मोडून, हाक मारी. बाई कोणाला म्हणायचे हे वयाने ठरत नसे, जातीने व जमिनीने ठरे. हे मी पाहिलेले आहे, ऐकीव नव्हे.

याच वऱ्हाडात, बुलढाण्याला, एका बाईने याचा जाब विचारला. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली निघाले. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर अर्भकाच्या हत्येचा खटला झाला, आणि वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने एकूण स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. ताराबाईंनी लेखणी उचलली ती त्या संतापाने. स्त्रीला जे जे दोष चिकटवले जातात ते एकेक उचलून त्या पुरुषाच्या अंगाला लावून दाखवतात, हे त्या पुस्तकाचे सूत्र. भाषा बुलढाण्याच्या अंगणातली, रोखठोक. ती भाषा फार जणांना झोंबली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापीपर्यंत. ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिले नाही. आपल्या वाचनालयात हे एक पुस्तक असलेच पाहिजे असा माझा आग्रह आहे, आणि तो मी येथे छापून घेत आहे.

आता गाणाऱ्या बायांकडे. उत्तरेकडे 'बाई' आणि 'जान' ही कोठ्यावर गाणाऱ्या स्त्रियांच्या नावांची खूण झाली. त्यामुळे ज्यांना घरंदाज म्हणवून घ्यायचे त्यांनी ती पुसण्याची धडपड केली. अख्तरीबाई फैजाबादी यांनी १९४५ साली एका बॅरिस्टरांशी लग्न केले आणि पुढे त्या बेगम अख्तर म्हणून गाजल्या. बनारसच्या सिद्धेश्वरी 'देवी' झाल्या, रसूलन मात्र शेवटपर्यंत 'बाई' राहिल्या. महाराष्ट्रात 'बाई'ला तो डाग इतका गडद लागला नाही, कारण येथे घरोघरी बाया होत्याच. हिराबाई बडोदेकर साध्या लुगड्यात, दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन बैठकीला बसल्या आणि मध्यमवर्गातल्या लोकांनी तिकीट काढून त्यांचे गाणे ऐकले. केसरबाई, मोगूबाई, हंगलच्या गंगूबाई, यांपैकी कोणीही 'बाई' टाकली नाही. पण पिढी बदलली. मोगूबाई कुर्डीकरांच्या कन्या साऱ्या महाराष्ट्राच्या किशोरीताई झाल्या. आई बाई आणि लेक ताई!

शिक्षणातही हेच घडले, आणि त्याचा एक धागा अमरावतीतून जातो. ताराबाई मोडक लग्नानंतर वकील पतीबरोबर अमरावतीस राहत होत्या. पुढे त्या राजकोट-भावनगरकडे गेल्या, गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले, आणि १९४५ साली बोर्डीस त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, जे पुढे कोसबाडला गेले. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या अनुसूया वाघ मात्र 'अनुबाई' झाल्या नाहीत, अनुताई झाल्या. राजकारणातही पाहा. आपल्या अमरावतीतून १९९१ साली लोकसभेवर गेलेल्या आणि २००७ साली राष्ट्रपती झालेल्या त्या प्रतिभाताई. 'बाई' ही मालकिणीची हाक, 'ताई' ही बहिणीची. घराघरांत नाती जशी सैल झाली तशी हाकही बदलली, असे मला वाटते. पण त्याबरोबर एक भीतीही होती. 'बाई' म्हटले की कोणाला भांड्याची बाई आठवेल, ही ती भीती.

मी स्वतः अकोल्यास बत्तीस वर्षे शाळेत 'बाई' होते. अगदी शेवटच्या वर्षांत मी 'मॅडम' झाले. बढती मिळाली असे काही मैत्रिणींना वाटले. 'मॅडम' हा फ्रेंच 'मा दाम' याचा इंग्रजी अवतार, अर्थ 'माझी बाई', 'माझी मालकीण'. म्हणजे फिरून तेच! आणि इंग्रजीत कुंटणखाना चालवणाऱ्या बाईलाही मॅडमच म्हणतात, हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितले तेव्हा चहाचे कप काही क्षण तसेच राहिले. असो.

शब्दाचे घरातले रूपही पाहू. जुन्या मराठीत 'बाईल' म्हणजे बायको, त्यात निंदा नव्हती. संतांच्या वाणीत तो शब्द सर्रास येतो. आज कोणी आपल्या पत्नीला बाईल म्हणणार नाही. 'बायको' हा शब्द त्याहून मजेचा आहे. 'बायका' असे अनेकवचन केले तर जगातल्या सर्व स्त्रिया. एकवचन केले की ती कोणाची तरी पत्नी! 'रस्त्यात चार बायका दिसल्या' म्हणता येते, पण 'रस्त्यात एक बायको दिसली' म्हटले तर ऐकणारा विचारील, कोणाची? एकट्या स्त्रीसाठी 'बाई'च हवी. आणि आपल्या आजोबांना तर 'बायको' म्हणायचीही लाज वाटे. ते म्हणत 'आमचे कुटुंब', नाहीतर 'आमची मंडळी'. एकटी बाई आणि मंडळी! मग महिलांचे मंडळ काढण्यात आपण नवे ते काय केले, असे आमच्या घरच्यांनी एकदा विचारले होते.

पुरुषाला 'बायल्या' म्हटले तर तो अंगावर धावून येतो. बाईसारखा असणे ही शिवी. पण त्याच पुरुषाला 'माउली' म्हटले तर तो पाया पडवून घेतो. ज्ञानेश्वर माउली, आणि रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना तिथले लोक राऊळ माय आणि राऊळ बाप म्हणत. अमरावती जिल्ह्यातल्याच लोणी टाकळीचे, माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत आणि मधुराभक्तीत स्त्रीची चिन्हे अंगावर वागवीत. लोकांनी त्यांना संत म्हणून पूजले. आई व्हावे, कन्या व्हावे, ते चालते. बाई मात्र होऊ नये. या कोड्याचा उलगडा मला झालेला नाही, विद्वानांनी करावा.

आता जिन्याच्या तळाशी.

वऱ्हाड म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे बायांचे हात. वेचणीला जातात त्या बाया. 'उद्या किती बाया येतील?' असे शेतकरी विचारतो, 'किती बैल लागतील?' याच सुरात. जिनात, इमारतीच्या कामावर त्यांना आणखी एक शब्द आहे, रेजा. आमच्या घराचे बांधकाम निघाले तेव्हा कंत्राटदाराच्या हजेरीत लिहिलेले असे : मिस्त्री दोन, कुली तीन, रेजा चार. हा शब्द फारसीतून आला. तिथे 'रेज़ा' म्हणजे तुकडा, कण, बारीक चुरा. विटांच्या तुकड्याला लावायचा शब्द विटा वाहणाऱ्या बाईला लागला. त्यापुढे 'बाई' कितीतरी बरी, असे म्हणायची पाळी येते.

आणि आपण? या स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळाच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या मी चाळल्या. पहिल्या वर्षापासूनच्या सर्व आहेत, याबद्दल आजवरच्या खजिनदारांचे आभार मानावे तेवढे थोडेच. हळदीकुंकू, भोंडला, कोजागरी, दरवर्षीचा खर्च नीट मांडलेला आहे. हलवायाचे नाव आहे. मंडपवाल्याचे नाव आहे. छापखान्याचे, पेटी वाजवायला आलेल्या मास्तरांचे, इतकेच काय, एका वर्षी तबला फुटला तो सांधून देणाऱ्याचेही नाव आहे. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी एक ओळ मात्र नेहमी सारखीच : 'भांड्याच्या बाईस'. पुढे रक्कम. आधी तीन रुपये, मग पाच, मग दहा, पुढे पन्नास, आज काय देतो ते आपल्याला ठाऊक आहे.

मी त्या ओळी एकीखाली एक लिहून काढल्या. इतक्या वर्षांत ती एकच बाई असणे शक्य नाही. जुन्या सभासदांना विचारले. एक म्हणाल्या, पहिली बाई उंच होती, कानात बुगड्या घालायची. दुसऱ्या म्हणाल्या, छे, ती बुटकी होती, तिचा मुलगा रेल्वेत लागला. मग ध्यानात आले की त्या दोघी निराळ्या. मध्ये आणखी एक असावी, कारण एका वर्षी 'बाई आजारी, तिच्या सुनेस' अशी नोंद आहे. ती सून पुढे राहिली की गेली, हे वहीवरून कळत नाही. तीन असतील, चार असतील. 'बाई' या शब्दात त्या अशा मिसळून गेल्या आहेत की एक कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हे आता कोणालाच सांगता येणार नाही. बाइसेचेही नाव 'बाई' या शब्दाखाली झाकले गेले होते. पण म्हाइंभट्टांनी विचारून ठेवले म्हणून ती पैठणची नागूबाई हे आपल्याला साडेसातशे वर्षांनी माहीत आहे. आपल्या मंडळाच्या बायांना म्हाइंभट्ट भेटला नाही.

म्हणून मी सध्याच्या बाईंना गाठले. आपल्याकडे त्या कितीतरी वर्षे येत आहेत. नाव विचारले तर हसल्या. "नाव कायले पाह्यजे बाई? बाईच लिवा ना." मी म्हटले, यंदाच्या यादीत छापायचे आहे. मग हातातले पातेले खाली ठेवून, पदराला हात पुसून त्यांनी नाव सांगितले. स्वतःचे, मग आईचे, मग बापाचे, मग गावाचे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांत मुलाच्या नावापाठोपाठ आईचे नाव लिहिणे महाराष्ट्रात सक्तीचे झाले आहे. त्यांना तो नियम ठाऊक नव्हता, तरी आईचे नाव त्यांनी बापाच्या आधी सांगितले.

यादीवरून कार्यकारिणीत वाद झाला हे सर्वांना माहीत आहेच. 'सौ.' लिहावे, तर ज्यांचे पती हयात नाहीत त्यांचे काय? 'गं. भा.' तर नकोच. २०२३ साली सरकारदरबारी तो शब्द पुन्हा आणण्याची गोष्ट निघाली होती तेव्हा किती टीका झाली ते आपण वाचले. 'श्रीमती' लिहावे, तर तो वैधव्याचा शब्द आहे असा काहींचा समज, जो खरा नाही, पण समज तो समज. तरुण सभासद म्हणाल्या, बाहेर अहिल्याबाईंना अहिल्यादेवी म्हणतात, जिजाबाईंना जिजाऊ, रमाबाईंना रमाई. 'बाई' आता जुनी झाली, काढूनच टाका. त्यावर एक वयोवृद्ध सभासद फार रागावल्या. त्यांचे म्हणणे, माझ्या सासूने मला पंधरा वर्षे 'ए' म्हणून हाक मारली, पुढे शिवणाचा वर्ग काढला तेव्हा गावाने बाई म्हटले, ती मी कशी सोडू? त्यांचे बरोबर होते आणि तरुणींचेही बरोबर होते. शेवटी ठरले की जिने तिने आपल्या नावामागे काय लावायचे ते स्वतः सांगावे.

त्याप्रमाणे यादी शेवटच्या पानावर छापली आहे. काही बाई आहेत, पुष्कळ ताई आहेत, दोन डॉक्टर आहेत, आणि ज्यांनी काहीच नको म्हटले त्यांची नुसती नावे आहेत. भांड्याचे काम करणाऱ्या आपल्या सहकारिणीचे नाव वर्णानुक्रमाने जेथे यायचे तेथे आले आहे. मागे काय लावू, असे मी त्यांनाही विचारले होते. त्यांनी 'बाई' लावायला सांगितले.